एका घटकेची आग

एका राज्यात आग टिकत नसे. पेटत नसे असं नाही. चांगली तांबडीलाल व्हायची, आणि बरोबर एक घटका भरली की विझून जायची. मग फुंकर घाला, तूप ओता, देव पाण्यात घाला, काही उपयोग नाही. पुढचा प्रहर लागेपर्यंत ठिणगीसुद्धा पडायची नाही. त्यामुळे त्या राज्यात भाकरी एकाच बाजूने भाजलेली, लोखंड निम्मंच लाल झालेलं, आणि मडकी अशी कच्ची की सकाळी पाणी भरावं आणि दुपारी चिखल उचलावा. बत्तीस वर्षं हे चाललं होतं. लोकांनी सवय करून घेतली होती. माणूस कशाकशाची सवय करून घेतो, बघा!

एका गोष्टीची मात्र सवय होत नव्हती. राज्य डोंगरातलं, पौष-माघात तिथे दगड उलायचा. त्या दिवसांत जन्मलेली मुलं आईच्या कुशीत गारठून जायची.

हे असं कशानं झालं, तेही सांगते. सात नद्यांपलीकडे एका चक्रवर्तीचं साम्राज्य होतं. त्याच्या तळघरात तेजमणी होते. हरभऱ्याएवढा एक मणी राजाच्या चुलीत बसवला की शंभर वर्षं राज्यातल्या सगळ्या चुली पेटत्या राहायच्या. लाकूड नको, धूर नाही. त्यातला एक मणी चक्रवर्तीने डोंगरातल्या राजाला, वीरकेतूला, मैत्रीखातर दिला. अट एकच घातली: मणी चुलीसाठी. वीरकेतूने मान डोलावली, पण मनात वेगळंच. सीमेवरचे शेजारी डोळे वटारून बसलेले. "त्यांच्या हातात तलवार आणि आमच्या हातात काय, पळी?" असं म्हणून त्याने एके दिवशी ओसाड डोंगरावर तो मणी फोडून पाहिला. डोंगर खाली बसला. लोण्यात बोट रुतावं तसा बसला. आणि सात नद्यांपलीकडे चक्रवर्तीच्या पेल्यातलं पाणी हललं.

चक्रवर्तीच्या पदरी कालभट नावाचा मांत्रिक होता. त्याने तिथल्या तिथे आपल्या दाढीला गाठ मारून शाप बांधला: "ज्यांनी शब्द मोडला, त्यांच्या मुलखात कोणतीही आग एका घटकेपलीकडे जगणार नाही. चक्रवर्ती स्वतःच्या हाताने पुन्हा मणी देतील, तेव्हाच शाप सुटेल." बाकीचे मणी सात कुलपांमागे गेले.

वीरकेतू यावर काय म्हणाला, माहीत आहे? "आम्ही? छे! डोंगरावर वीज पडली." झालं! त्या दिवसापासून राज्यात लहानथोरांनी हेच म्हणायचं. वीरकेतू गेला, त्याचा मुलगा सुकेतू गादीवर आला, तरी वीजच पडलेली.

सुकेतूने मणी मागायला दोन वकील पाठवले. पहिल्याने चक्रवर्तीची स्तुती केली. तीन दिवस केली. चक्रवर्तीला झोप लागली. दुसरा भांडला: "तुमच्याकडे चारशे, आणि आमच्याकडे एक असला तर तुमच्या पोटात का दुखतं?" त्याला वेशीबाहेर नेऊन सोडलं. तिसरा वकील व्हायला कोणी पुढे येईना. तेव्हा दरबारात चिमाक्का कुंभारीण येऊन उभी राहिली.

चिमाक्का साठीची, हाडापेराने मोठी आणि तोंडाने फटकळ. शाप लागायच्या आधीच्या काळात बापाच्या हाताखाली मडकी भाजायला शिकलेली. मागच्या पौषात तिची लेक वेणू बाळंत झाली. मुलगा झाला होता. चार वेळा चूल पेटवली, चार वेळा विझली, आणि पोर चिमाक्काच्या मांडीवर गार होत गेलं. ते गार होणं तिच्या हातांना आठवत राहिलं होतं. आता वेणूला पुन्हा दिवस होते, आठवा लागला होता, आणि समोर माघ.

"महाराज, मला वकील करा," चिमाक्का म्हणाली.

"अक्का, तुम्हाला दरबाराची रीत ठाऊक नाही."

"आगीची ठाऊक आहे. मागायची ती आगच ना?"

सुकेतूने मिशीला बराच पीळ दिला. मग बोटातली मुद्रा काढून तिच्या हातावर ठेवली. "जा. तुम्ही कबूल कराल ते राज्याने कबूल केलं. पण अक्का, राज्याचं नाक कापून घेऊन येऊ नका."

"नाक राहील, महाराज. पोरंही राहायला हवीत."

सात नद्या तिने एकवीस दिवसांत ओलांडल्या. त्यातली एक नदी सोमवारी उलटी वाहते. चिमाक्का नेमकी सोमवारी पोचली, म्हणून होडीतून दोन कोस चढण फुकटात झाली. चक्रवर्तीच्या नगरात शिरली तर काय, भर माघात लोक पंख्याने वारा घेत बसलेले! तिने विहिरीवर ओंजळभर पाणी मागितलं, तर जीभ पोळली.

"हे असं कसं गं बाई?" तिने विचारलं.

"असंच असतं," पाणी भरणारी म्हणाली, आणि घागर उचलून लगबगीने निघून गेली.

चक्रवर्ती मार्तंडसेन आता म्हातारा झाला होता. सिंहासनाच्या हातावर एक टिटवी बसलेली असे; मण्यांच्या तळघराची राखणदार तीच. तिला दोन बंधनं होती. एक, खोटं बोलायचं नाही. दुसरं, विचारल्याखेरीज बोलायचंच नाही. टिटवीच्या जातीला हे दुसरं किती जड गेलं असेल, ते तुम्हीच समजा. सिंहासनामागे कालभट, दाढीत ती गाठ.

"काय मागतेस?" चक्रवर्तीने विचारलं.

"एक मणी. चुलीसाठी."

"मागेही चुलीसाठीच दिला होता."

"होय महाराज. आणि आम्ही फोडला."

बत्तीस वर्षांत त्या राज्याच्या तोंडून हे पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. चक्रवर्ती पुढे झुकला. "तीन कामं सांगतो. तिन्ही केलीस तर मणी तुझा. पहिलं: फोडलेल्या मण्याची सगळी राख इथे आण. एक कणही मागे राहता कामा नये."

जाण्यायेण्यासाठी कालभटाने तिला आपली काळी घोंगडी दिली. विडा चघळून संपायच्या आत ती सात नद्या ओलांडायची. टिटवी बरोबर निघाली.

राख होती. मणी हरभऱ्याएवढा, पण राख सात रांजण भरून; सुकेतूच्या देवघराखाली, तोंडं लाखेने बंद केलेली. पण राजा दारात आडवा उभा राहिला. "अक्का, राख दिली म्हणजे कबूल केलं."

"मी कबूल करून आलेय, महाराज."

राजाचा चेहरा पडला. रागावेल असं तिला वाटलं, पण तो खांबाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "बाबांनी मरताना हात धरून सांगितलं होतं, वीजच म्हणायचं. मी कधी कोणाशी बोललो नाही." मग त्याने स्वतःच्या हाताने रांजण घोंगडीवर चढवले.

"सगळी आहे?" चिमाक्काने टिटवीला विचारलं.

"एक चिमूट कमी," टिटवी म्हणाली.

राजाने दंडावरचा ताईत सोडला. त्यात बापाने भरलेली चिमूटभर राख होती. ती देताना त्याचे डोळे भरून आले, आणि दिल्यावर म्हणाला, "हात हलका झाला." जाता जाता चिमाक्का घरात डोकावली. वेणू भिंतीला टेकून बसली होती, तीन गोधड्या पांघरून, ओठ निळे. "आई, कधी येशील?" "आलेच," म्हणाली चिमाक्का, आणि मागे न बघता घोंगडीवर बसली. मागे बघितलं असतं तर ती निघालीच नसती.

दुसरं काम कालभटाने मांडलं. परातीत एकवीस निखारे ठेवले. "यातले काही चुलीचे, काही तलवारीच्या भट्टीचे. वेगळे कर. या दोन आगी ज्यांना वेगळ्या करता येत नाहीत, त्यांच्या हाती मणी कसा द्यावा?"

सगळे निखारे सारखेच लाल. दरबारी गालात हसले. चिमाक्काने बागेतली ओली माती मागवली, नखाएवढ्या एकवीस पणत्या वळल्या, आणि एकेका निखाऱ्यावर एकेक ठेवून मांडी ठोकून बसली. चुलीच्या आगीवर माती सावकाश भाजत गेली. तलवारीच्या आगीला कुठला आलाय दम? तिच्यावरच्या पणत्या तडतड तडकल्या. नऊ इकडे, बारा तिकडे. निवाडा झाला.

"आता वचन दे," कालभट म्हणाला, "की तुमच्याकडे तलवारीची आग कधी पेटणार नाही."

"ते नाही देणार. आम्हालाही शेजारी आहेत, आणि ते काही साधुसंत नाहीत. पण लोहाराची आग आणि चुलीची आग एका घरात ठेवणार नाही, हे वचन देते. आणि मणी चुलीच्याच घरात राहील."

कालभटाने तोंड वाकडं केलं. चक्रवर्ती मात्र हसला. "सरळ बोलतेस. आता तिसरं. मणी तुमच्याकडे आला की ही टिटवी तुमच्याकडे येईल. वाटेल तेव्हा, न सांगता. मण्याच्या घरात शिरेल, सगळं पाहील आणि इथे येऊन सांगेल."

याच अटीवर आधीचे दोघे वकील ताडकन उठले असते. परमुलखाचा डोळा आपल्या चुलीवर? पण चिमाक्काचा चेहरा उजळला.

"एवढंच ना! आम्हा कुंभारांत ही रीतच आहे, महाराज. मडकी भाजायला आवा लावतो, तो ज्याचा त्याने उघडायचा नसतो. शेजारीण येते. ती वरची राख बाजूला करते, आधी ती बघते, आणि काय तडकलं ते मोठ्याने सांगते. आपल्या हातचं तडकलेलं आपल्या डोळ्यांना दिसत नाही. या टिटवीला म्हणावं, खुशाल ये, पाट मांडून ठेवते."

"मग ठरलं," चक्रवर्ती म्हणाला.

"अर्धं ठरलं. शेजारणीचा आवा उघडतो तेव्हा आम्ही जातो. तुमच्या तळघरात आमचं माणूस येईल आणि बघेल."

आता मात्र दरबारात गिल्ला झाला. कालभट पुढे धावला. "टीचभर राज्याची कुंभारीण चक्रवर्तींचं तळघर बघणार? बत्तीस वर्षांत तिथे परका डोळा गेलेला नाही!"

चक्रवर्तीच्या कपाळावर आठी पडली. "बाई, मागणारी तू आहेस. देणारा मी आहे. माझी अट घे, किंवा रिकाम्या हाताने जा."

तेवढ्यात खिडकीतून हिरवा राघू आत आला. सुकेतूचा राघू, एका दमात सात नद्या उडणारा. तो चिमाक्काच्या खांद्यावर बसला आणि पाठ केल्यासारखा बोलला: "सुकेतू सांगतो. वेणूला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. सुईण आली आहे. चूल दोनदा विझली."

चिमाक्का तिथेच पायरीवर बसली. 'हो' तिच्या घशाशी आलं होतं. एका शब्दाचं काम! म्हणावं हो, घ्यावा मणी, आणि गाठावं घर. कोण विचारतंय तळघराला?

पण तिने आयुष्यभर माणसं पाहिली होती. शेजारीण आली तर घर झाडून ठेवतो माणूस. पहारेकरी आला तर लपवून ठेवतो. एकाच बाजूने बघणं झालं की दोन वर्षांत डोंगरातले लोक चिडणार, पुन्हा काहीतरी दडवणार, पुन्हा वीज पडणार, पुन्हा शाप. मग वेणूचं हे वाचलं, तरी उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीचं जाणार. तिला रडू फुटलं. दरबारात, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून ती रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, "महाराज, माझी लेक तिकडे गारठतेय. मागचं नातवंड माझ्या मांडीवर गेलं. मला घाई आहे, खूप घाई आहे. तरी खोटा करार नेणार नाही. जाण्याआधी एक प्रश्न विचारू द्या. तुम्हाला नाही, हिला."

"विचार," चक्रवर्ती म्हणाला.

"टिटवे, तुमच्या विहिरीच्या पाण्याने माझी जीभ का पोळली?"

"नको!" कालभट ओरडला. पण टिटवीला प्रश्न विचारला गेला होता, आणि बत्तीस वर्षांचं साचलेलं भडभडून बाहेर आलं.

"मणी तडकलेत म्हणून! चारशेतले एकसष्ट तडकलेत! त्यांची धग भुईत उतरते, भुईतून विहिरीत उतरते. दरसाल दोन-चार जास्त तडकतात. मी रोज बघते. मला कोणी विचारलंच नाही, कोणीच विचारलं नाही!"

चक्रवर्ती सावकाश कालभटाकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

मांत्रिकाची पाचावर धारण बसली होती. "होतं, महाराज. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, चक्रवर्तींना स्वतःचे मणी सांभाळता येत नाहीत. मी मंत्र घालून पाहिले. लागू पडले नाहीत."

"म्हणजे तुमच्याकडेही वीजच पडली म्हणायची," चिमाक्का म्हणाली. एक-दोन दरबाऱ्यांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

म्हाताऱ्या चक्रवर्तीने स्वतः किल्ल्यांचा जुडगा उचलला. सात कुलपं उघडली. आतून धग अशी आली की कालभटाच्या भुवया होरपळल्या. चिमाक्का पदर डोक्यावर घेऊन आत गेली, एकदा नजर फिरवली, आणि कपाळाला हात लावून बाहेर आली.

"अहो महाराज, हे कोणी रचलं? मणी एकमेकांना खेटून! आव्यातसुद्धा दोन मडक्यांत बोटभर जागा सोडतो आम्ही. खेटली की एकाची धग दुसऱ्याला लागते आणि दोन्ही तडकतात. कालचं पोरगं हे सांगेल. तुम्ही चारशे एका खोलीत कोंडलेत! यांना लांब लांब ठेवा. या राज्यात एक, त्या राज्यात एक. जे आपली चूल दाखवतील आणि तुमचं तळघर बघतील, त्यांना द्या. तडकलेले तेवढे मातीत पुरून थंड करा, ते कसं ते मी दाखवते. पण नंतर."

चक्रवर्तीने त्या लाल उजेडाकडे पाहिलं. भीतीने जपलेलं हेच धन त्याचं नगर खालून भाजून काढत होतं. तो आत गेला, एक धड मणी निवडला, आणि तिच्या हातावर ठेवला. "तुमचा डोळा इथे, आमचा तिथे. तिसरं काम झालं."

मणी तळहाताला टेकला, आणि कालभटाच्या दाढीतली गाठ आपोआप सुटली. बत्तीस वर्षं ओढ बसलेली हनुवटी मोकळी झाली, त्याने ती दोन्ही हातांनी चोळली आणि म्हणाला, "बरं वाटलं." मग आपणहून घोंगडी अंथरली.

पुढचं सगळं यथासांग झालं. मणी राजाच्या चुलीत बसला. टिटवी येऊ लागली, न सांगता येऊ लागली, आणि पाटावर बसून लाह्या खाऊ लागली. चिमाक्का वर्षातून दोनदा चक्रवर्तीच्या तळघरात जाऊन मांडणीवरून बोलणी ऐकवून येऊ लागली, आणि नगरातल्या विहिरी तीन वर्षांत गार झाल्या. दोन्ही राज्यांत कोणी वीज पडल्याचं सांगितलं, तर खरीच पडलेली असे. पण हे नंतरचं. चिमाक्काचा जीव तिकडे टांगलेला, आणि मी काय सांगत बसलेय!

घोंगडी घराच्या अंगणात उतरली तेव्हा दुपार कलत होती. साऱ्या गावात जळका वास भरला होता. आग कुठे लागली म्हणून तिने चहूकडे पाहिलं. पण शेजारची बाई काळा ठिक्कर पडलेला भात घेऊन दारात उभी होती, आणि तिच्या पलीकडची कोळसा झालेली भाकरी घेऊन. बत्तीस वर्षं आग आपली आपण विझायची. भांडं उतरवायचं असतं, हे गाव विसरून गेलं होतं! बायका एकमेकींना जळलेली भांडी दाखवत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

चिमाक्का त्या कोणाशीच बोलली नाही. दार ढकलून आत शिरली. चूल धडधडत होती, वर घंगाळ भरून पाणी उकळत होतं, आणि सुईण घामाघूम होऊन भिंतीला टेकली होती. गोधड्या तिन्ही बाजूला फेकलेल्या. वेणूच्या कुशीत एक लालबुंद पोरगी मुठी आवळून ओरडत होती. चिमाक्काने खाली बसून हात पुढे केला. पाठीला लावला. पोर गरम होतं. तिने हात काढला, पुन्हा लावला. गरमच होतं.

"आई," वेणू म्हणाली, "उकडतंय गं फार. जरा दार उघड ना."

"उकडू दे!" चिमाक्का म्हणाली, आणि हसता हसता तिला असं काही रडू आलं की सुईणीलाच उठून दार उघडावं लागलं.